राखलेले, टाकलेले, जोडलेले : मराठी साहित्यातील जुन्या वस्त्राचा अन्वयार्थ

प्रास्ताविक

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुका म्हटला की अनेकांच्या डोळ्यांपुढे बोरघाटातील थंड हवेचे खंडाळा उभे राहते. हा खंडाळा तो नव्हे. हा खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, नीरेच्या काठापर्यंत पसरलेला, शिरवळ-लोणंदचा खंडाळा. याच तालुक्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. दर वर्षी ३ जानेवारीला नायगावात आणि महाराष्ट्रभरातील शाळांत लहान मुली नऊवारी नेसून, ठसठशीत कुंकू लावून सावित्रीबाईंचे रूप घेतात. त्यासाठी कोणाच्या घरातून आजीचे ठेवणीतले लुगडे बाहेर निघते, कोणी शिवलेली तयार नऊवारी विकत वा भाड्याने आणते. लुगडे बहुधा काठापदराचे, चमकदार, सणासुदीचे असते.

सावित्रीबाईंच्या चरित्रातील लुगड्याचा सर्वपरिचित प्रसंग मात्र अशा लुगड्याचा नाही. पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाल्यावर शाळेत जाता-येता त्यांच्यावर शेणमाती फेकली जाई. त्यांच्या सोबतीला असलेले शिपाई बळवंत सखाराम कोल्हे यांच्या आठवणींनुसार सावित्रीबाई वाटेवर एक जाडेभरडे लुगडे नेसत आणि शाळेत पोहोचल्यावर दुसरे स्वच्छ लुगडे नेसत. एक लुगडे घाण झेलण्यासाठी, दुसरे शिकवण्यासाठी. त्या जाड्याभरड्या लुगड्याची स्मृती सांगितली जाते ती आठवणीच्या आधारे. वेशभूषेत त्याला स्थान मिळालेले नाही. मिरवले जाते ते नेहमी दुसरे लुगडे.

या विसंगतीत एक वाङ्मयीन प्रश्न दडलेला आहे. जुन्या वस्त्राविषयी मराठीत जे लिहिले गेले, त्यातील कोणते वस्त्र स्मरणात राहिले आणि कोणते वगळले गेले? समीक्षेने जुन्या वस्त्राकडे बहुतांशी स्मृतिकातरतेचे प्रतीक म्हणून पाहिले आहे. ट्रंक, फडताळ, गाठोडे, आजीचा वास हा तिचा ठरलेला परिसर. परंतु वस्त्र जुने होते म्हणजे केवळ त्याचे वय वाढत नाही; ते एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जाते. ते कोणत्या नात्याने गेले, घेणाऱ्याने ते मागून घेतले, जपून ठेवले की त्याच्यावर लादले गेले, यावर त्याचा अर्थ ठरतो. प्रस्तुत लेखात काही मराठी कलाकृती, आत्मकथने आणि लोककथा यांच्या आधारे या भूमिकेची मांडणी केली आहे.

शब्दांची उतरंड

मराठी भाषेने वस्त्राच्या उतारवयाची जी नोंद ठेवली आहे ती कोणत्याही शब्दकोशकाराला मोहात पाडील अशी आहे. कोरे लुगडे धुवट होते. वापरून मऊ झाले की ते जुनेर. मधोमध विरले की विरलेला भाग कापून टाकून दोन जुन्या लुगड्यांचे धड भाग एकत्र शिवायचे. हे ‘दंड घातलेले’ लुगडे. पुढे त्याचा उरतो धडपा. धडप्यातून बाळुती निघतात, कुंची वा टोपडे निघते, वाकळीचे थर निघतात. त्याही पुढे फडके, मग पोतेरे, मग चिंधी, लक्तर, चिरगूट. चिंधीचाही शेवट केराच्या ढिगातच होतो असे नाही. तिचा पीळ घालून तेलात भिजवला की काकडा होतो आणि पहाटेच्या काकडआरतीत तो देवापुढे जळतो.

येथे बाळुत्याचा विशेष विचार करायला हवा. नवजात अर्भकाच्या अंगाला लागणारे पहिले वस्त्र नवे नसते. आईचे किंवा आजीचे धुऊन धुऊन मऊ झालेले जुनेर असते. नव्या कापडाची खळ कोवळ्या त्वचेला बोचते, हे त्यामागचे साधे कारण. म्हणजे जन्मताच माणूस वारशाच्या वस्त्रात येतो. नव्या कपड्यांचे आहेर नंतरचे.

वस्त्राच्या या उतरंडीचे एक अत्यंत जुने वर्णन पाली विनयपिटकाच्या चुल्लवग्गात सापडते. उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रे दान केली. एका श्रमणाला इतकी वस्त्रे कशाला, या रोषाने राजाने त्याला जाब विचारला. आनंदाने सांगितले की ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत अशा भिक्षूंना ती वाटली जातील. मग जीर्ण चीवरांचे काय करणार? त्यांची पांघरुणे, आच्छादने होतील. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांच्या खोळी. जुन्या खोळींचे? जमिनीवरची अंथरणे, मग पायपुसणी, मग झाडण्याची फडकी. आणि अगदी शेवटी त्या फडक्यांचे तुकडे करून चिखलात मळून त्याने भिंत-जमीन लिंपली जाईल. राजा संतुष्ट झाला. मराठी गृहिणीला या संवादात नवे असे काही वाटणार नाही. मात्र राजाच्या प्रश्नांतील चिकाटी समीक्षकाने उचलावी अशी आहे. प्रत्येक पायरीवर तो एकच विचारतो : आणि मग त्या जुन्याचे काय?

फडताळातील पैठणी

जुन्या वस्त्रावरील मराठीतील सर्वांत लोकप्रिय कविता कोणती, असे विचारले तर शान्ता शेळके यांच्या ‘पैठणी’ या कवितेचेच नाव घ्यावे लागेल. फडताळातील गाठोड्याच्या तळाशी, जुन्या कपड्यांच्या खाली जपून ठेवलेली आजीची लग्नातली पैठणी हा तिचा विषय. पैठणीचा पोत आणि आजीचे आयुष्य ही कविता एकमेकांत विणत नेते. कडक, कोरा पोत हळूहळू मऊ होतो, तसा संसार सरावाचा होतो. घड्या उलगडतात तसे आयुष्य उलगडते. शेवटी निवेदिका ती पैठणी उराशी धरते आणि स्पर्शातून आजीची भेट घेते.

या कवितेचे कौतुक पुष्कळ झाले आहे आणि ते रास्त आहे. तिच्यातील दोन गोष्टींकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिली अशी की, निवेदिका पैठणी नेसत नाही. ती तिला कवटाळते, हुंगते, तिच्याकरवी निरोप पाठवते. पण स्वतःच्या अंगावर घेत नाही. नेसण्याने वस्त्र विरते. रेशमी वस्त्र घडीवर तुटते, आणि जराचे वजन जुन्या रेशमाला पेलवत नाही हे ज्यांनी जुनी पैठणी हाताळली आहे त्यांना ठाऊक असते. तेव्हा राखणे आणि वापरणे यांत निवड करणे भागच असते. कवितेने राखण्याची बाजू घेतली आणि तेथेच वस्त्राचे रूपांतर स्मारकात झाले. त्यातून तिला हळवेपणा लाभला आणि एक मर्यादाही आली.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कवितेतील आजीला सौभाग्यमरण येते. तिची पैठणी मंगल स्मृती म्हणून पुढच्या पिढीकडे येते यामागे ही अट आहे. आजीच्या आधी आजोबा गेले असते तर? एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्याच्या पूर्वार्धातील ब्राह्मणी घरात केशवपन झालेल्या विधवेच्या वाट्याला लाल जाडेभरडे आलवण येई. जरीकाठाशी तिचा संबंध संपे. तिची पैठणी लेकीसुनेच्या अंगावर आधीच गेली असती, किंवा तिचा जर काढून विकला गेला असता. अस्सल जर म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. जुनी जरीची वस्त्रे विकत घेऊन, ती जाळून त्यातील चांदी काढण्याचा धंदा होताच. पैठणी राखणे म्हणजे ती चांदी न मोडणे होय, आणि ज्या घराला ते परवडले त्याच घराला आजीची पैठणी उरली.

आणि आलवण? गाठोड्याच्या तळाशी आजीचे आलवण कोणी जपून ठेवले आहे, नातीने ते उराशी धरले आहे, अशी कविता मराठीत प्रसिद्ध नाही. १८६३ साली फुले दांपत्याने पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते याच आलवणातल्या स्त्रियांसाठी. त्यांच्या वस्त्राला कोणी वारस मिळाला नाही. ‘पैठणी’ ही कविता हे सांगत नाही, तसे सांगणे तिचे कामही नाही. परंतु ज्या आजीचे सोने झाले तिच्याच वस्त्राला कविता मिळाली, हे वाचकाने ओळखले म्हणजे कविता लहान होत नाही. तिच्यातील ‘सौभाग्य’ या शब्दाचे वजन कळते.

‘वासांसि’ : दोन श्लोक, एक शब्द

जीर्ण वस्त्राचा भारतीय परंपरेतील सर्वांत परिचित दृष्टान्त भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बाविसाव्या श्लोकात आहे. माणूस जुनी वस्त्रे टाकून नवी धारण करतो तसा आत्मा जुनी शरीरे टाकून नवी धारण करतो, हा त्याचा आशय महाराष्ट्रात अंत्यसंस्काराच्या वेळी हमखास ऐकू येतो. दृष्टान्त इतका अंगवळणी पडला आहे की त्यातील एक गृहीत जाणवेनासे झाले आहे. जुने टाकले की नवे मिळते, असे तेथे धरून चालले आहे. आणि उदेन राजाचा प्रश्न गीताकार विचारीत नाही : टाकलेल्या वस्त्राचे पुढे काय?

मनुस्मृतीने या प्रश्नाचे उत्तर देऊन ठेवले आहे. तिच्या दहाव्या अध्यायातील बावन्नावा श्लोक चांडाळ आणि श्वपच यांच्या राहणीचे नियम सांगतो. त्यांनी मृतांची वस्त्रे नेसावीत आणि फुटक्या भांड्यांत जेवावे, असा त्याचा अर्थ. दोन्ही श्लोकांचा आरंभ ‘वासांसि’ या एकाच शब्दाने होतो, हा योगायोग असेल. पण समीक्षेने तो वाया घालवू नये. एका श्लोकात टाकणाऱ्याची दृष्टी आहे, दुसऱ्यात घेणाऱ्यावर घातलेला निर्बंध आहे. दोन्ही एकत्र वाचले की जीर्ण वस्त्राचा संपूर्ण प्रवास दिसतो, आणि पहिल्या श्लोकातील तत्त्वज्ञानाला जमिनीवर उतरावे लागते.

महाराष्ट्राच्या गावगाड्यात हा निर्बंध ‘हक्क’ या नावाने वावरला. प्रेतावरचे कापड हा महाराच्या हक्कांपैकी एक मानला जाई. हक्क हा शब्द येथे फार कावेबाज आहे. ज्याला नकार देता येत नाही ते देणे हक्काच्या नावाने दिले म्हणजे घेणाऱ्याला ते आपले भाग्य वाटावे, अशी योजना त्यात आहे. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाने बलुत्याच्या या व्यवस्थेचा आतून घेतलेला अनुभव मराठी वाचकांपुढे ठेवला. मुंबईतील कावाखान्यात चिंध्या, कागद, काचा वेचून पोट भरणाऱ्या बायका त्यात आहेत. गाव सुटले तरी इतरांनी टाकलेल्याशी असलेले नाते सुटले नाही, एवढाच या चित्राचा अर्थ नाही. कावाखान्यातल्या चिंधीला बाजारभाव आहे. ती ‘हक्क’ राहिलेली नाही, माल झाली आहे. आणि माल विकणाऱ्याला घासाघीस करता येते. अपमानाच्या व्यवस्थेतून दारिद्र्याच्या व्यवस्थेकडे झालेला हा प्रवास आहे. त्याला प्रगती म्हणावे काय, याचे उत्तर पवार वाचकावर सोडतात.

खंडाळ्याला लागूनच असलेल्या फलटणच्या बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. वस्त्राच्या दृष्टीने मराठीतील हा सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणावा लागेल. महारवाड्यातील बायकांची लुगडी कशी होती एवढ्यावर कांबळे थांबत नाहीत. ती कशी नेसायची याचे नियम त्या सांगतात. उच्चवर्णीय बायकांनी लुगड्याचा काठ दिसेल असे नेसावे. महार स्त्रीने तो निऱ्यांत दडवावा, एरवी तो गुन्हा. हा तपशील अत्यंत बोलका आहे. लुगडे विकत घेतलेले असो वा मिळालेले, त्याचा काठ तिच्या मालकीचा नाही. वस्त्र अंगावर आहे, पण त्याची शोभा गहाण आहे. पैठणीच्या कवितेत पदर, काठ, चौकडी यांचे जे प्रेमळ वर्णन येते त्याच्याशेजारी हा दडवलेला काठ ठेवला पाहिजे. एकाच भाषेतल्या, जवळपास एकाच प्रदेशातल्या या दोन नोंदी आहेत. शान्ता शेळके यांचा जन्म १९२२ चा इंदापूरचा, बेबी कांबळे यांचा १९२९ चा पुरंदर तालुक्यातल्या वीरगावचा. दोघी भीमा-नीरेच्या टापूतल्या, एकाच पिढीच्या. कोणाची नोंद ‘साहित्य’ आणि कोणाची ‘अनुभवकथन’, हा भेद पाठ्यक्रमांनी केला. वस्त्राने केलेला नाही.

डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी स्त्रियांपुढे केलेल्या भाषणाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर उमगते. लुगडे कसे नेसावे, चांदी-कथलाच्या ढोबळ दागिन्यांचा भार का टाकावा, हे त्यांनी सांगितले. वस्त्र ठिगळांचे असले तरी चालेल, पण ते स्वच्छ असावे, असा त्यांचा आग्रह होता. नवी लुगडी घ्या, असे ते म्हणाले नाहीत; ऐपत नाही हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी जुन्या वस्त्राचा दर्जा बदलला. ते कोणी दिले यापेक्षा ते कसे नेसले जाते याला महत्त्व दिले. त्याच परिषदेत २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले होते. मृताचे वस्त्र नेसायला सांगणारा श्लोक ज्या ग्रंथात होता तो जळाला, आणि त्याच मांडवात लुगडे नेसण्याविषयीचे हे भाषण झाले. या दोन घटना इतिहासाच्या पुस्तकांत वेगवेगळ्या परिच्छेदांत येतात, एक मुख्य आणि दुसरी आनुषंगिक म्हणून. प्रत्यक्षात त्या एकाच कृतीच्या दोन बाजू होत्या. वतनाचा कायदेशीर शेवट व्हायला पुढे १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा मुंबईचा कायदा यावा लागला. लुगड्याचा काठ त्याच्या तीस वर्षे आधीच बाहेर आला होता.

पत्करलेली चिंधी

चिंधीला सर्वत्र हीनपणा चिकटलेला असतो असेही नाही. बौद्ध परंपरेतील पांसुकूल चीवर हे धुळीतून, उकिरड्यावरून, स्मशानातून वेचलेल्या कापडाचे असे. जीवक वैद्याच्या विनंतीनंतर गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची भिक्षूंना मुभा मिळाली, परंतु पांसुकूलाचा मान कायम राहिला. स्मशानातील कापड मनूने चांडाळावर लादले आणि भिक्षूने आपण होऊन उचलले. कापड एकच, आणि तरीही एकाला ते कलंक, दुसऱ्याला व्रत. फरक फक्त नकाराच्या स्वातंत्र्याचा आहे.

गाडगेबाबांची (१८७६–१९५६) ठिगळांची गोधडी याच नजरेने पाहावी लागते. परीट कुळात, म्हणजे इतरांची वस्त्रे धुणाऱ्यांच्या घरात जन्मलेल्या माणसाने स्वतः मात्र चिंध्या पांघरल्या आणि गावाची घाण झाडली, यातील उपरोध त्यांना स्वतःला नक्कीच कळत असणार. बाबा भक्तांनी दिलेली उंची वस्त्रे नाकारू शकत होते. म्हणून त्यांची चिंधी हे विधान ठरले. साताऱ्याच्या भूमीशी त्यांचे नाते कर्मवीर भाऊराव पाटील यांच्यामुळे दृढ झाले आणि रयत शिक्षण संस्थेचे कराडचे महाविद्यालय १९५४ पासून त्यांच्याच नावाने चालते.

या संदर्भात जनाबाईच्या वाकळीची कथा पुन्हा वाचण्याजोगी आहे. महिपतीच्या ‘भक्तविजया’मुळे (१७६२) ती घराघरांत पोहोचली. विठ्ठल रात्री जनाबाईकडे येतो आणि पहाटे घाईघाईत आपला शेला व पदक तिथेच विसरून तिची वाकळ खांद्यावर टाकून राउळात परततो. देवाच्या अंगावर दासीची वाकळ दिसते तेव्हा भक्त गहिवरतात. दासीच्या घरी देवाचे पदक सापडते तेव्हा तिला चोर ठरवून सुळावर चढवायला नेतात. शेवटी सुळाचे पाणी होते आणि कथा भक्तीच्या विजयात संपते. परंतु कीर्तनकार ज्या वेगाने हा चमत्कार गाठतात त्या वेगाने समीक्षकाने जाऊ नये. वस्त्रांची अदलाबदल एकच, पण वरच्याने खालचे पांघरले तर कृपा आणि खालच्याकडे वरचे आढळले तर गुन्हा, हा न्याय कथेने स्वच्छपणे मांडला आहे. जनाबाईचा देव तो मोडतो. गाव तो मोडत नाही.

द्रौपदीने कृष्णाच्या बोटासाठी भरजरी पीतांबर फाडल्याची कथा १९५३ च्या ‘श्यामची आई’ चित्रपटातील गीतामुळे सर्वतोमुखी झाली. तिच्यातील चिंधीचे मोल ती नव्या, उंची वस्त्राची असण्यात आहे. सुभद्रेला घरात चिंधीच सापडत नाही, हा तिच्यातील विनोद. ज्या घरात चिंधी सापडत नाही ते घर कोणते असते, हे वाकळ शिवणाऱ्या बाईला विचारावे.

वाकळ

सातारा-सांगलीच्या बोलीत गोधडीला वाकळ म्हणतात. तिची रचना समजून घेतल्याशिवाय तिच्यावरच्या कवितेचे मर्म हाती लागत नाही. वरचा आणि खालचा पदर त्यातल्या त्यात धड लुगड्यांचा. मधले थर विरलेल्या धोतरांचे, सदऱ्यांचे, परकरांचे, ज्यांना स्वतःच्या बळावर उभे राहता येत नाही अशा कापडांचे. जमिनीवर सारे थर पसरायचे, सुरकुत्या हाताने सारून काढायच्या, कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. सहसा एकटी बाई हे करीत नाही. शेजारणी समोरासमोर बसतात. उन्हाळ्यात, शेतीची कामे थांबली की अंगणात हे काम चाले. टाका जितका दाट तितकी वाकळ टिकाऊ. वजन हा तिचा गुण मानला जातो; हलकी वाकळ म्हणजे हात राखून शिवलेली. खंडाळा-लोणंद हा पर्जन्यछायेचा मुलूख, मेंढपाळांचा. येथे थंडीला दोन उत्तरे होती : धनगरांच्या लोकरीची घोंगडी आणि घरातली वाकळ. घोंगडी विकत घ्यावी लागे.

डॉ. कैलास दौंड यांच्या ‘गोधडी’ या कवितेत आईवडिलांच्या फाटक्या वस्त्रांचे अस्तर येते आणि कविता त्या थरांतून कुटुंबाचा इतिहास वाचते. या कवितेचे बळ असे की तिने वस्त्राला फडताळातून काढून अंगावर आणले. पैठणी राखली जाते, वाकळ वापरली जाते. वाकळीत आजी भेटते ती रोज रात्री, आणि तिच्यासाठी काही उलगडावे लागत नाही. शिवाय राखलेल्या वस्त्राला एकच धनीण असते. वाकळीत घरातली सारी माणसे एकमेकांवर टाकलेली असतात, कोणाचा काठ दिसत नाही. दडवलेला काठ येथेही आहे, मात्र तो कोणाच्या धाकाने दडलेला नाही.

तरीही वाकळीचे उदात्तीकरण करताना हात आखडता घ्यायला हवा. बंगालचा कांथा, उत्तर कन्नडमधील सिद्दी स्त्रियांची कवंदी आणि जपानच्या उत्तर भागातील गरीब शेतकऱ्यांचे ठिगळांचे ‘बोरो’ हे सारे वाकळीचे सगोत्र. बोरोचे उदाहरण उद्बोधक आहे. ज्या घरांनी लाजेने ही वस्त्रे माळ्यावर टाकली होती, त्यांच्याच वस्त्रांना पुढे संग्रहालयांच्या काचेआड जागा मिळाली आणि जगातील महागडे वेषकार त्यांच्या नकला करू लागले. वाकळीचाही तसा प्रवास सुरू झाला आहे. शहरी प्रदर्शनांत ती हस्तकला म्हणून विकली जाते, बहुधा नव्या कापडाच्या तुकड्यांची. नव्या कोऱ्या कापडाची मुद्दाम ठिगळे करून शिवलेली वाकळ दिसायला सुरेख असते. तिच्यात बाळुत्याचा मऊपणा नसतो, कारण तो शिवून येत नाही.

दारावर येणारी बोहारीण या चर्चेत अद्याप आलेली नाही. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी ही बाई मध्यमवर्गीय विनोदी लेखनात घासाघिशीचे पात्र म्हणून येते आणि तेवढ्यावरच राहते. वास्तविक वस्त्राचा वारसा आणि वस्त्राचा हक्क या दोहोंना छेद देणारी ती व्यक्ती आहे. तिच्या गाठोड्यात गेलेले वस्त्र कोणाचे हे कोणी विचारत नाही आणि ते पुढे जुन्या बाजारात ज्याला मिळते त्याला कोणाच्या उपकाराखाली राहावे लागत नाही. आज याच व्यवहाराचे जागतिक रूप हरियाणातील पानिपत येथे दिसते. श्रीमंत देशांनी टाकलेले लोकरी कपडे तेथे येतात, रंगवार वेगळे होतात, त्यांचे तंतू सुटे करून पुन्हा सूत काढले जाते आणि स्वस्त ब्लँकेटे बनतात. कोट कोणाचा होता हे त्या ब्लँकेटातून कळत नाही. उदेन राजाला हे उत्तर पटले असते की नाही, सांगता येत नाही.

ठेवलेले कोट

नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात डॉ. आंबेडकरांच्या वापरातील वस्तूंचा संग्रह आहे. त्यात त्यांचे कोट आणि इतर कपडे आहेत. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरील सिंबायोसिसच्या संग्रहालयातही त्यांच्या वस्तू जतन केल्या आहेत. लोकरी आणि सुती कापडाला कसर, दमटपणा आणि उजेड या तिघांपासून वाचवणे हे जिकिरीचे काम. चिचोलीच्या कपड्यांवर त्यासाठी रासायनिक प्रक्रिया करावी लागली. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दीक्षेसाठी लाखो माणसे पांढरी वस्त्रे नेसून जमली होती. त्यांच्या लेकी-नाती आज या काचेपुढे रांगेने उभ्या राहतात. ज्या समाजाला मृतांची वस्त्रे नेसण्याचा नियम घालून दिला होता, त्याने एका मृताची वस्त्रे जपून ठेवली आहेत, आणि ती कोणी अंगावर घालत नाही.

पैठणीच्या कवितेसंबंधी राखणे आणि वापरणे यांतील जो पेच वर मांडला तो येथे पुन्हा उभा राहतो, वेगळ्या बाजूने. फडताळातील पैठणी एका घराची. हे कोट कोणत्याच एका घराचे नाहीत. ते पाहायला येणाऱ्यांपैकी अनेकींच्या घरात आजीचे वस्त्र म्हणून काहीच उरलेले नाही, कारण ते शेवटच्या धाग्यापर्यंत वापरले गेले : जुनेर, धडपा, बाळुते, वाकळ, पोतेरे. नायगावच्या मुलीने ३ जानेवारीला नेसायला काठापदराचे लुगडे भाड्याने आणले असेल, तर त्याचे कारणही कदाचित हेच आहे.